जमिनीवरची आठ मिनिटे

हवाई युद्धाच्या कथेत नाव उरते ते वैमानिकाचे. पण लढाऊ विमान युद्धाच्या दिवसांतही बहुतेक वेळ जमिनीवरच असते आणि तेव्हा ते ग्राउंड क्रूच्या ताब्यात असते. इंधन भरणारे, तोफेच्या पट्ट्या चढवणारे, बाँब टांगणारे, टायर बदलणारे, इंजिनात शिरलेली रेती काढणारे हे लोक. वाळवंटात त्यांचे काम दुप्पट होते. दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी भाजते, वाऱ्याबरोबर येणारी बारीक वाळू फिल्टरात, बेअरिंगमध्ये, तोफेच्या खाचेत जाऊन बसते.

५ जून १९६७ रोजी सकाळी सिनाईच्या वाळवंटापासून नाईलच्या काठापर्यंत पसरलेल्या तळांवर इजिप्तचे हवाई दल तीन तासांच्या आत संपले. या घटनेचे श्रेय इस्रायली वैमानिकांना भरभरून मिळाले आणि दोष इजिप्तच्या हवाई दलाच्या माथी सरसकट मारला गेला. दिवसाचा घटनाक्रम तासातासाने मांडला की वेगळे चित्र दिसते. एका बाजूच्या मेकॅनिकांनी आपल्या हातांच्या वेगाने विमानांची संख्या जणू दुप्पट-तिप्पट केली. दुसऱ्या बाजूच्या मेकॅनिकांनी आपली विमाने तयार ठेवली होती, पण त्या तयारीचे रक्षण करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते त्या सकाळी आपल्या जागेवर नव्हते.

खालच्या वेळा इजिप्तच्या घड्याळाप्रमाणे आहेत. इस्रायलचे घड्याळ त्या दिवसांत एक तास मागे होते.

आधीचे तीन आठवडे

मेच्या मध्यावर सोव्हिएत संघाने कैरोला कळवले की इस्रायल सीरियाच्या सीमेवर सैन्य जमवतो आहे. बातमी खोटी होती. पण राष्ट्राध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांनी सिनाईत फौजा उतरवल्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला जायला सांगितले आणि तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केली. ३० मे रोजी जॉर्डनशी संरक्षण करार झाला.

इजिप्तकडे सुमारे ४२० लढाऊ आणि बाँबफेकी विमाने होती. मिग-२१, मिग-१९, मिग-१७, सुखोई-७ आणि इस्रायली शहरांना सर्वांत मोठा धोका असलेली सुमारे ३० टीयू-१६ बाँबर. इस्रायलकडे लढाऊ विमाने सुमारे २००, तीही जवळजवळ सगळी फ्रेंच बनावटीची.

सिनाईतले तळ होते अल-अरिश, बीर गफगाफा, बीर तमादा आणि जबल लिब्नी. मे महिन्यापासून तिथे सतर्कतेचा हुकूम होता. सतर्कता म्हणजे ग्राउंड क्रूला विश्रांती नाही. पहाटेच्या गस्तीसाठी अंधारात विमान तपासायचे. ते परत आले की ब्रेक-पॅराशूट उचलून आणायचे, नवे बसवायचे, इंधन भरायचे, प्राणवायू आणि दाबाची हवा भरायची, आणि पुन्हा तयार म्हणून वहीवर सही करायची. १९६२ पासून येमेनच्या युद्धात गुंतलेल्या या हवाई दलाची माणसे आणि यंत्रे आधीच थकलेली होती.

या तळांवर काँक्रीटचे बंदिस्त निवारे नव्हते. विमाने उघड्यावर, बहुधा सरळ रांगेत उभी असत. रांगेतल्या विमानांना इंधनाची टाकीगाडी एका टोकाकडून दुसरीकडे पटापट नेता येते, दारूगोळा एका जागी ठेवता येतो. शांततेच्या काळात ही सोय असते. युद्धात तीच वरून येणाऱ्याची सोय ठरते.

२ जूनच्या बैठकीत नासर यांनी सेनाधिकाऱ्यांना बजावले की इस्रायल दोन-तीन दिवसांत हल्ला करील आणि पहिला घाव हवाई दलावर बसेल. हवाई दलप्रमुख सिदकी महमूद यांना पहिला हल्ला आपणच करावा असे वाटत होते. राजकीय कारणांसाठी ते नाकारले गेले. पहिला घाव सोसायचे ठरले, पण तो कसा सोसायचा हे ठरले नाही. विमाने पांगवली गेली नाहीत.

४ जून

इस्रायली मंत्रिमंडळाने युद्धाचा निर्णय घेतला. हवाई दलाची योजना मात्र अनेक वर्षांची होती. एझर वाइझमन हवाई दलप्रमुख असताना तिची आखणी झाली आणि त्यांच्यानंतर आलेल्या मोटी हॉड यांच्या हाती अंमलबजावणी आली. तिचे नाव मोकेद.

योजनेचा हिशोब एका प्रश्नावर उभा होता. २०० विमानांनी ४०० विमानांचे हवाई दल एका सकाळी कसे संपवायचे? उत्तर जमिनीवर शोधले गेले. लक्ष्यावर पाच ते दहा मिनिटे, परतीला सुमारे वीस मिनिटे, इंधन आणि दारूगोळा भरायला आठ मिनिटे, वैमानिकाला दहा मिनिटे विश्रांती, आणि विमान तासाभराच्या आत पुन्हा हवेत. यातला हल्ल्याचा वेळ फारसा कमी करता येत नव्हता. परतीचे अंतर भूगोलाने ठरवले होते. कमी करता येण्याजोगा आकडा एकच होता, जमिनीवरचा. त्यावर वर्षानुवर्षे घाम गाळला गेला.

त्या आठ मिनिटांत काय घडायचे? विमान थांबते न थांबते तोच शिडी लागते. इंधनाची नळी जोडली जाते. आर्मरर रिकाम्या पट्ट्या ओढून काढतात आणि मिराज विमानाच्या दोन ३० मिलिमीटर तोफांचा दारूगोळा नव्याने बसवतात. पंखाखाली बाँबची ढकलगाडी येते. एकजण टायर आणि ब्रेक पाहतो, एकजण तेल, एकजण पोटाखाली वाकून गोळीचे भोक शोधतो. मोठ्या लग्नात एक पंगत उठताच वाढप्यांनी क्षणात दुसरी मांडावी, तशी ही शिस्त. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही, कोणाला काही सांगावे लागत नाही. फरक इतकाच की इथे एक पिन काढायची राहिली तर बाँब सुटत नाही आणि एक चुकीच्या वेळी निघाली तर सगळेच उडतात. हे काम करणारी बरीचशी मुले सक्तीच्या सैनिकी सेवेतली, विशीच्या आतबाहेरची, आणि त्यांच्या सोबत बोलावून घेतलेले राखीव दलाचे अनुभवी मेकॅनिक होते.

५ जून, सूर्योदय

इजिप्तची मिग विमाने रोजच्याप्रमाणे पहाटेच्या गस्तीवर गेली. हल्ला झालाच तर तो उगवत्या सूर्याच्या आडून होईल, असा सर्वमान्य अंदाज होता.

इस्रायली योजनाकारांनी नेमका हाच अंदाज चुकवला. सूर्योदयानंतर तीन तासांनी पहाटेची गस्त उतरलेली असते. वैमानिक न्याहारीला गेलेले असतात. नऊ वाजता कचेऱ्या सुरू होणार म्हणून वरिष्ठ अधिकारी घरून निघून रस्त्यावर असतात. नाईलच्या खोऱ्यावरचे आणि सुएझ कालव्यावरचे धुके त्या वेळेपर्यंत विरलेले असते. पावणेनऊची वेळ या सगळ्यांतून निघाली होती.

गस्त उतरली. ग्राउंड क्रू विमानांभोवती लागले. परतलेल्या मिगच्या टाक्या भरल्या गेल्या, क्षेपणास्त्रे आणि गोळ्या जागच्या जागी होत्या. त्यांनी त्यांचे काम चोख केले होते. पुढच्या तासाभरात या चोखपणाचाच आगडोंब व्हायचा होता, कारण भरलेल्या टाकीचे विमान रिकाम्यापेक्षा कितीतरी लवकर पेटते.

सकाळी ८:१०

इस्रायलच्या हात्झोर तळावरून फुगा माजिस्तेर ही प्रशिक्षणाची विमाने उडाली. मिराज आणि मिस्टेर ज्या लहरींवर बोलत, त्याच लहरींवर ती बोलू लागली. ऐकणाऱ्याला वाटावे की रोजचा सराव चालू आहे.

त्यांच्या पाठोपाठ खरी विमाने सुटू लागली. उरागां, मिस्टेर, सुपर मिस्टेर, मिराज, वोतूर. संदेशयंत्रे बंद. वैमानिकाला बिघाड कळवायलाही बोलण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे विमान निर्दोष आहे ही मेकॅनिकची सही हाच त्याचा एकमेव आधार होता. साडेआठपर्यंत जवळजवळ सगळे हवाई दल हवेत होते. देशाच्या रक्षणासाठी मागे ठेवलेली विमाने फक्त १२.

विमाने समुद्रावरून आणि वाळवंटावरून इतकी खालून चालली होती की इजिप्तच्या ८२ रडार केंद्रांना ती दिसली नाहीत.

सकाळी साडेआठच्या सुमारास

जॉर्डनमधल्या अजलूनच्या रडारला मात्र ती दिसली. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ठिपके समुद्राकडे सरकत होते. कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याने ठरलेला सांकेतिक शब्द पाठवला: इनब. अर्थ द्राक्ष, मतलब युद्ध. अम्मानमधून जनरल अब्दुल मुनीम रियाद यांनी तो कैरोला, संरक्षणमंत्री शम्स बद्रान यांच्या कार्यालयाकडे पाठवला. पण इजिप्तने आदल्याच दिवशी सांकेतिक व्यवस्था बदलली होती आणि जॉर्डनला कळवले नव्हते. संदेश पोहोचला. तो उलगडलाच नाही.

त्याच वेळी सरसेनापती फील्ड मार्शल अब्देल हकीम आमेर आणि सिदकी महमूद एका वाहतूक विमानातून सिनाईकडे निघाले होते. बीर तमादाच्या तळावर आघाडीचे सेनानी त्यांच्या स्वागताला जमले होते, म्हणजे आपापल्या तुकड्यांपासून दूर होते. सरसेनापतींच्या विमानावर चुकून गोळी सुटू नये म्हणून विमानविरोधी तोफांना आवर घातलेला होता. उपराष्ट्राध्यक्ष हुसेन अल-शाफी इराकी पाहुण्यांना घेऊन फायिदच्या तळावर उतरत होते.

त्या क्षणी इजिप्तच्या तळांवर जागेवर आणि सज्ज होते ते फिटर, आर्मरर आणि टाकीगाड्यांचे चालक. आदेश देण्याचा अधिकार यांपैकी कोणालाच नव्हता.

सकाळी ८:४५

सिनाईतले तळ, कालव्याकाठचे फायिद, कबरीत आणि अबू सुवेर, कैरोजवळचे इन्शास आणि कैरो पश्चिम, दक्षिणेकडे बेनी सुएफ. या सगळ्यांवर जवळजवळ एकाच वेळी हल्ला झाला.

विमाने चारचारच्या गटांत आली. पहिले लक्ष्य धावपट्टी. त्यासाठी खास बाँब बनवला होता. खालून उडणाऱ्या विमानातून सुटताच मागे जोर लावणारे रॉकेट त्याचा वेग मोडत असे. त्याचे तोंड जमिनीकडे वळले की दुसरे रॉकेट पेटून तो काँक्रीटच्या आत घुसत असे आणि मग फुटत असे. काही बाँबना वेळेचे फ्यूज होते. म्हणून खड्डे बुजवायला धावलेल्या कामगारांच्या पायांखाली नवे स्फोट होत राहिले. अल-अरिशची धावपट्टी तेवढी मुद्दाम वाचवली होती, कारण ती इस्रायलला पुढे स्वतःसाठी हवी होती.

धावपट्टी तुटली की उभी विमाने अडकली. मग त्याच विमानांनी वळून तोफांच्या फेऱ्या सुरू केल्या. आधी टीयू-१६, नंतर मिग. रांगेत उभ्या विमानांवरून एका फेरीत गोळ्यांची एकच रेघ ओढता येत होती. एका विमानाची टाकी फुटली की जळते इंधन शेजारच्या चाकांखाली वाहत जाई, तिथला दारूगोळा तडतडू लागे आणि मग तेही पेटे.

अशा वेळी ग्राउंड क्रू करू शकतो त्या गोष्टी थोड्या असतात. पेटलेल्या विमानाशेजारचे विमान ट्रॅक्टरला जोडून ओढायचे. टाकीगाडी दूर न्यायची. कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकाला बाहेर काढायचे किंवा इंजिन सुरू करून द्यायचे. यांतले प्रत्येक काम उघड्यावर, तोफेच्या माऱ्याखाली करावे लागते, आणि पळून जाणाऱ्याची जगण्याची शक्यता थांबणाऱ्यापेक्षा जास्त असते. तरीही काही मिग हवेत झेपावली. तुटलेल्या, पेटलेल्या तळावरून एखादे जरी विमान उडाले असेल, तरी त्यामागे थांबलेले मेकॅनिक होते. त्यांच्यापैकी कोणाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात नाही.

सकाळी ९:१५ नंतर

पहिल्या लाटेतली इस्रायली विमाने परतू लागली. आता घड्याळ ग्राउंड क्रूचे होते.

सगळी परतली नाहीत. दिवसअखेर इस्रायलने १९ विमाने गमावली, म्हणजे ताफ्यातले जवळजवळ प्रत्येक दहावे. परतलेल्यांतली कितीतरी भोके पडून आली होती. कोणते भोक पत्र्याच्या तुकड्याने झाकून चालेल आणि कोणते विमानाला आज जमिनीवर ठेवील, हा निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा होता. चूक झाली तर किंमत दुसरा माणूस देणार होता. एक जखमी उरागां विमान भरकटून डिमोनाच्या अणुकेंद्रावर आले, तेव्हा इस्रायलच्याच हॉक क्षेपणास्त्राने ते पाडले.

तेल अवीवच्या नियंत्रण कक्षात सेनाप्रमुख राबिन, संरक्षणमंत्री दायान, वाइझमन आणि हॉड पहिल्या बातमीची वाट पाहून थकले होते. पण लढाई आता त्यांच्या हातात नव्हती. उतरलेले विमान किती लवकर सुटते यावर ती ठरत होती. टाकी, पट्ट्या, बाँब, प्राणवायू, टायर. शिडी काढा. पुढचे आणा. जूनच्या उन्हात, तापलेल्या इंजिनांच्या झळीत, तेच हात दिवसभर तीच कामे करत राहिले. एकेका विमानाने त्या दिवशी चार-चार उड्डाणे केली.

सकाळी १०:३४

दुसरी लाट पोहोचली. १६४ उड्डाणे, १४ तळ. पहिल्या लाटेत इजिप्तची सुमारे २०० विमाने नष्ट झाली होती, त्यांपैकी हवेत पडलेली अगदी मोजकी. दुसऱ्या लाटेत आणखी सुमारे १०० गेली.

इजिप्तच्या बाजूने हा तास सगळ्यांत क्रूर आहे. पहिला घाव बसला, तो सोसून उरलेले गोळा करायला दोन तासही मिळाले नाहीत. इजिप्तच्या सेनाधिकाऱ्यांचा अंदाज होता की एक इस्रायली विमान दिवसात फार तर दोनेक उड्डाणे करील. त्या हिशोबाने हल्ल्यानंतर काही तासांची उसंत मिळायला हवी होती. त्या उसंतीत खड्डे बुजले असते, उरलेली मिग पांगली असती, तोफा सरसावल्या असत्या. समोरच्या मेकॅनिकांचा वेग हिशोबात धरलाच नव्हता.

लाल समुद्राकाठच्या हुरघाडाहून वीसेक मिग उत्तरेकडे मदतीला धावली. काही पाडली गेली आणि बाकीच्यांना उतरायला शाबूत धावपट्टी सापडेना. सरसेनापतींचे विमानही तळ जळताना पाहत हवेत घिरट्या घालत राहिले आणि शेवटी कैरोच्या नागरी विमानतळावर उतरले. नेमक्या त्या काळात सरसेनापती आणि हवाई दलप्रमुख हुकूम देण्याच्या स्थितीत नव्हते.

सकाळी ११:३५

हॉड यांनी राबिन यांना कळवले की इजिप्तचे हवाई दल आता अस्तित्वात नाही. पहिल्या बाँबला तीन तासही झाले नव्हते. दिवसअखेरच्या इस्रायली मोजणीप्रमाणे २८६ विमाने नष्ट झाली. त्यात तीसच्या तीस टीयू-१६ होती आणि ९० हून अधिक मिग-२१.

कैरो रेडिओ याच सुमारास शत्रूची डझनावारी विमाने पाडल्याचे सांगत होता. रस्त्यावर लोक नाचत होते. गाझात, निघून जाण्याची वाट पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडी होती आणि सेनेचे प्रमुख होते मेजर जनरल इंदरजित रिखी. ज्या युद्धात भारत उतरलाच नव्हता, त्यात त्या दिवशी भारतीय जवान मारले गेले.

दुपारी १ च्या सुमारास

जॉर्डनच्या हॉकर हंटर विमानांनी इस्रायलवर हल्ला केला आणि ती अम्मान आणि मफ्रक तळांवर परतली. त्यांचे वैमानिक कसलेले होते. विमाने उतरली, ग्राउंड क्रूने नळ्या जोडल्या, तोफा भरायला घेतल्या. एवढ्यात इस्रायली विमाने वर आली. इंधन भरत असतानाच हंटर जळाली.

ग्राउंड क्रूच्या आयुष्यात याहून धोक्याची वेळ नसते. विमान उघडे, नळी जोडलेली, दारूगोळा जमिनीवर पसरलेला, सगळी माणसे त्याच्या पोटाखाली. ही अवस्था जितकी मिनिटे टिकते तितकी मिनिटे तळ असुरक्षित असतो. आठ मिनिटांच्या सरावाचे मोल हल्ल्याइतकेच बचावातही होते. संध्याकाळपर्यंत जॉर्डनचे हवाई दल संपले होते आणि सीरियाची सुमारे दोन तृतीयांश विमाने गेली होती. इराकच्या पश्चिम वाळवंटातल्या एच-३ तळावरही बाँब पडले.

दुपारी ४

सकाळी नऊच्या आत सुरू झालेला विनाश नासर यांच्यापर्यंत त्याच्या खऱ्या आकारात दुपारी चारच्या सुमारास पोहोचला. तोवर सांगण्याचे धाडस कोणाला झाले नव्हते. पुढे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष झालेले अन्वर सादात यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की ते सकाळी मुख्यालयात गेले तेव्हा आमेर शून्यात पाहत उभे होते.

दुसऱ्या दिवशी इजिप्तने जाहीर केले की अमेरिकेची आणि ब्रिटनची विमाने इस्रायलच्या बाजूने लढली, आणि अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले. आरोप खोटा होता. यामागे अपमान झाकण्याची धडपड होतीच, पण एक खरा गोंधळही होता. इतकी उड्डाणे २०० विमानांतून निघूच शकत नाहीत, मग बाकीची विमाने कोणाची? ती कोणाचीच नव्हती. तीच विमाने पुन्हा पुन्हा येत होती.

पुढचे पाच दिवस

हवाई छत्र गेल्यावर सिनाईतले सैन्य वाळवंटात उघडे पडले. ६ जूनला आमेर यांनी घाईघाईने माघारीचा हुकूम दिला. मित्ला आणि गिद्दी खिंडींत रणगाडे, ट्रक, तोफा एकमेकांत अडकल्या आणि वरून बाँब पडत राहिले. वाचलेले सैनिक तहानेने व्याकूळ होऊन कालव्याकडे चालत निघाले. आपले १०,००० सैनिक आणि १,५०० अधिकारी गमावल्याचे नासर यांनी नंतर स्वतः सांगितले. सिनाईतल्या तळांवर ज्यांच्याकडे दुरुस्त करायला आता विमान उरले नव्हते असे मेकॅनिकही याच माघारीच्या वाटेत सापडले.

हिशोब

१९६८च्या फेब्रुवारीत हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. सिदकी महमूद यांना १५ वर्षांची कैद सुनावली गेली. या शिक्षा फार सौम्य आहेत म्हणून सगळ्यांत आधी रस्त्यावर उतरले ते हेलवानचे कामगार. हेलवानमध्ये लष्करी कारखाने होते, तिथेच इजिप्तने स्वतःचे एचए-३०० हे लढाऊ विमान बनवायला घेतले होते आणि ७ मार्च १९६४ रोजी त्याचे पहिले उड्डाण भारतीय वैमानिक कपिल भार्गव यांनी केले होते. ज्यांचे आयुष्य यंत्रांत गेले होते, त्यांना आपल्या कष्टाची राख कोणाच्या निष्काळजीपणाने झाली हे अचूक कळले होते. कामगारांमागोमाग विद्यार्थी निघाले आणि खटला पुन्हा चालवावा लागला.

इजिप्तने धडा घेतला. पुढच्या सहा वर्षांत तळांवर शेकडो काँक्रीटचे निवारे उभे राहिले, धावपट्टी तातडीने दुरुस्त करणारी पथके तयार झाली, ग्राउंड क्रूला वेगाचा सराव दिला गेला. १९७३ च्या युद्धात जमिनीवर इजिप्तची फारच थोडी विमाने गेली.

भारताला हा धडा थोडा आधी आणि स्वतःच्या रक्ताने मिळाला होता. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर उभी असलेली भारतीय विमाने जाळली. त्यात नवी मिग-२१ सुद्धा होती. १९६५ आणि १९६७ दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून भारताने सीमेवरच्या तळांवर निवारे बांधले, विमाने पांगवायची शिस्त लावली. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने तसाच अचानक हल्ला केला. अमृतसर, पठाणकोट, जोधपूर, राजस्थानच्या वाळवंटातले उत्तरलाई अशा अनेक तळांवर बाँब पडले. काही धावपट्ट्यांना खड्डे पडले. विमाने जवळजवळ सगळी वाचली, खड्डे रातोरात बुजले आणि त्याच रात्री भारतीय विमाने उलट निघाली.

सिनाईत जे जळले आणि उत्तरलाईला जे वाचले, त्यांतला फरक वैमानिकांच्या शौर्याचा नव्हता. इजिप्तचे वैमानिक भित्रे नव्हते आणि त्यांचे मेकॅनिक आळशी नव्हते. विमान तयार करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काँक्रीट घालायचे, त्याला धोक्याची सूचना वेळेवर द्यायची, त्याच्या सरावासाठी पैसा आणि वेळ राखायचा, ही सगळी वरच्यांची कामे आहेत. कैरोत ती झाली नाहीत. म्हणूनच कोणत्याही देशाने, आपल्याही, नव्या लढाऊ विमानांची खरेदी जाहीर केली की नागरिकांनी विमानांच्या संख्येबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. त्यांच्यासाठी निवारे किती बांधले? सुटे भाग किती दिवस पुरतील? आणि ती परतल्यावर त्यांना पुन्हा उडवणारी माणसे किती, कशी शिकवलेली, कशी जपलेली आहेत? या प्रश्नांची उत्तरे शांततेच्या काळातच मिळवावी लागतात. इजिप्तला ती पावणेनऊ वाजता मिळाली.